कानाचं मशीन घरी नेल्यानंतर

आज मशीन घालून तुम्ही केंद्राबाहेर पडाल, तेव्हा पहिली तक्रार रस्त्यावरच्या रिक्षांची असेल. घरी पोचलात की पंख्याची घरघर, प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुराट, स्वतःच्याच चपलांची फटफट. कुकरची शिट्टी तर अंगावरच येते. दुसऱ्या दिवशी आम्हाला हमखास फोन येतो, "मशीन बिघडलंय, नको नको ते ऐकू येतंय."

मशीन बिघडलेलं नसतं. हे आवाज घरात होतेच. ऐकणं वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत गेलं आणि मेंदूची त्यांच्याशी ओळख तुटली. पंखा सोडून द्यायचा आणि माणसाचं बोलणं धरायचं, ही निवड मेंदू करतो. ती पुन्हा जमायला त्याला काही आठवडे लागतात. चष्मा लावला की अक्षर लगेच दिसतं, तसं इथे होत नाही. मशीन देण्याआधी आम्ही हे प्रत्येकाला सांगतो, तरी घरी गेल्यावर विसरतं, म्हणून छापून देत आहोत.

पहिले तीन-चार दिवस घरातच घाला. दार-खिडकी लावून, एकाच माणसाशी बोलताना, दोन-तीन तास. मग रोज थोडं वाढवा. पेपर मोठ्याने वाचा. सुरुवातीला स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो, तो असा सवयीने बसतो. भाजी मंडई, लग्नाचा हॉल, गणपतीचा मंडप यांची घाई नको. पहिल्याच दिवशी हळदीला घालून गेलेली मशीन पुढे कपाटात पडलेली आम्ही पाहिली आहेत.

"ऐकू येतं हो, पण कळत नाही"

वयोमानाने आधी बारीक पट्टीचे आवाज जातात. आ, ओ, ऊ हे जाड स्वर ठीक ऐकू येतात. स, श, फ निसटतात. दुकानदार "साठ रुपये" म्हणतो, तुम्हाला "आठ" ऐकू येतं. सून "फोन आलाय" म्हणते, आजोबा "कोण आलाय?" म्हणून दाराकडे जातात. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतात. "आम्ही बोललेलं ऐकू येत नाही, आणि यांच्याविषयी हळू बोललेलं बरोबर ऐकू येतं!" हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी होतं. पण शांत खोलीत, ओळखीच्या आवाजातलं बोलणं खरंच जास्त कळतं. यात लबाडी नाही.

तपासणीच्या कागदावर उजव्या कानाची रेघ लाल, डाव्याची निळी. कागदाच्या डाव्या बाजूला जाड आवाज, उजव्या बाजूला बारीक. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. बहुतेकांची रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी उतरलेली दिसेल. मशीनलाही हेच रंग असतात. एका आजींची युक्ती आम्ही आता सगळ्यांना सांगतो: "कुंकू लावायचा हात उजवा, म्हणून लाल उजवं."

हा भाग घरच्यांनी वाचावा

ओरडू नका. नस कमकुवत झालेल्या कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम टोचतो. म्हणूनच चार वेळा "काय?" विचारणारा माणूस पाचव्या वेळी "ओरडतोस कशाला!" म्हणून चिडतो. आधी नाव घेऊन हाक मारा, समोर या, तोंडावर उजेड पडू द्या, मग नेहमीच्या आवाजात थोडं सावकाश बोला. नाही कळलं, तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. स्वयंपाकघरातून, नळ चालू ठेवून, पाठमोऱ्या मारलेल्या हाकेला कुठलंच मशीन पुरं पडत नाही. आणि "जाऊ दे, काही नाही" असं म्हणणं तेवढं टाळा. माणूस त्यानेच गप्प होतो.

सेल, मळ आणि पाऊस

सेलचा नंबर रंगावरून ओळखा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. स्टिकर काढला की सेलमध्ये हवा शिरते आणि तो चालू होतो. म्हणून स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मगच आत बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. वापरलेले सेल टाकेपर्यंत नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. मुलाने सेल गिळला, तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

आवाज कमी झाला, तर आधी टोकाची जाळी बघा. पुष्कळदा तिथे मळ असतो. मऊ कोरड्या ब्रशने झाडा, पिन घालू नका. मशीन शिट्टी मारत असेल, तर ते नीट बसलेलं नाही, मोल्ड (कानात बसणारा साचा) सैल झालाय किंवा कानात मळ साठलाय.

पावसाळ्यात आमच्याकडे दुरुस्तीची गर्दी होते, कारण ओल. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, कोंडा आत जातो. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन तर नकोच. अंघोळ, डोक्याला तेल, केसांना कलप, या तिन्हीआधी मशीन काढा. आणि कानात गरम तेल घालणं आता बंद.

आमच्याकडे नाही, डॉक्टरांकडे जा

एका कानाचं ऐकणं एकाएकी, एक-दोन दिवसांत गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. उपचाराला उशीर झाला की गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता घटते. कान वाहत असेल, दुखत असेल, चक्कर येत असेल, तरीही आधी डॉक्टर.

खर्चाबद्दल

महागडं मशीन प्रत्येकाला लागतं असं नाही. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला साधं डिजिटल पुरतं, हे आम्ही स्वतःचं नुकसान करून सांगतो. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलात लावलेला दिसला तर विचारा. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही तपासणी होते.

पुढची भेट

पंधरा दिवसांनी या. मशीनचं सेटिंग तेव्हाच खरं बसतं. "बरं चाललंय" एवढंच सांगू नका. कुठे अडलं ते एका चिठ्ठीवर लिहून आणा: टीव्हीच्या बातम्या, देवळातला माइक, फोनवरचा मुलगा. आणि घरात तुमच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं, त्या माणसाला सोबत आणा.