नाकातलं 'मांस': टर्बिनेट की पॉलिप?

'नाकात मांस वाढलंय' असं आपण सर्रास म्हणतो. पण या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. ऑपरेशनचा विषय निघाला की आपल्याला यातलं नेमकं काय झालंय, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आरशासमोर मान थोडी मागे टाकून नाकपुडीत मोबाइलचा टॉर्च मारा. गालाच्या बाजूला गुलाबी, मांसल फुगवटा दिसतो. तो बघून कित्येकजण घाबरतात. ते असतं खालचं टर्बिनेट, जन्मापासून तिथेच असलेलं. आत पातळ हाड, वर रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर. प्रत्येक बाजूला अशी साधारण तीन असतात आणि श्वासातली हवा ऊबदार, ओलसर करतात. हे अस्तर काही तासांनी आलटून पालटून फुगतं, म्हणून एका वेळी एक नाकपुडी जास्त मोकळी वाटते. कुशीवर झोपलं की खालची बाजू चोंदते, तीही याच्यामुळेच. अ‍ॅलर्जीत ही सूज त्रासदायक होते.

पॉलिप म्हणजे अस्तर सुजून लोंबू लागलेली मऊ वाढ, जणू साल काढलेलं द्राक्ष: फिकट, पाणीदार, लोंबणारं. डॉक्टरांनी सळईने हात लावला तर हलतं, पण सहसा दुखत नाही. टर्बिनेट जागचं हलत नाही आणि स्पर्श लगेच झोंबतो. पॉलिप बहुधा डोळे आणि नाक यांच्यामधल्या सायनसमधून (हाडातल्या हवेच्या पोकळ्यांमधून), दोन्ही बाजूंना उगवतात. वास येईनासा होतो, अनेकांना सोबत दमाही असतो. आयुर्वेदातलं 'नासार्श' ते हेच. लहान असेल तर आरशात दिसतही नाही.

पॉलिपवर आधी स्टिरॉइडचा स्प्रे देतात. त्याने भागलं नाही तर दुर्बिणीतून काढतात, पण सीटी स्कॅन केल्यावरच. कारण तिथे डोळ्याच्या बाजूचं हाड कागदाइतकं पातळ असतं आणि वर लगेच मेंदू. काढल्यावरही ते पुन्हा उगवू शकतात, म्हणून स्प्रे चालूच ठेवावा लागतो.

टर्बिनेट मात्र राखायचं असतं. औषधांनी सूज उतरली नाही तर अस्तर सांभाळून आतून आकार कमी करतात. ते सगळंच कापलं तर नाक कोरडं पडतं, खपल्या धरतात. काहींना तर नाक मोकळं असूनही श्वास पुरत नाही असं वाटत राहतं, आणि कापलेलं टर्बिनेट परत येत नाही.

मोठ्या माणसाला एकाच नाकपुडीत पॉलिप दिसला, त्यातून रक्त येत असलं, तर स्प्रेवर वेळ घालवू नका. त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो.