लग्नानंतरचं पहिलं अमेरिकी रिटर्न: जॉइंट की सेपरेट?

माझी भाची सप्टेंबर २०२५ मध्ये के-१ व्हिसावर (अमेरिकी नागरिकाशी लग्न ठरलेल्यांसाठीचा व्हिसा) ठाण्याहून अमेरिकेला गेली, नोव्हेंबरमध्ये लग्न झालं. नवरा तिथला नागरिक. फेब्रुवारीत तिचा फोन आला, "मावशी, टॅक्सचं आम्ही आपापलं बघतो, आपल्याकडच्यासारखं. तो सिंगलमध्येच भरेल."

तिला तिथेच थांबवलं. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतंच, म्हणून 'सेपरेट' म्हणजे लग्नाआधीसारखं असं वाटतं. अमेरिकेत ३१ डिसेंबरला विवाहित असाल तर अख्खं वर्ष विवाहितच धरतात. साधारणपणे दोनच पर्याय उरतात: दोघांचं एकत्र, नाहीतर विवाहित पण वेगळं.

वेगळं भरणं सुटसुटीत. तो स्वतःचं उत्पन्न दाखवेल. २०२५ साठी प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर. तिचे तिथले दिवस रहिवासी ठरवणाऱ्या १८३ दिवसांच्या कसोटीत बसत नाहीत, तिथे कमाईही नाही, म्हणून तिला काही भरायचं नाही.

एकत्र भरलं तर वजावट ३१,५०० डॉलर. पण त्यासाठी दोघांच्या सहीचं निवेदन जोडावं लागतं, की हिला वर्षभर अमेरिकेची रहिवासी धरा. मग तिचं जगभरातलं उत्पन्न त्या रिटर्नमध्ये येतं: ऐरोलीच्या कंपनीतला पगार, एफडीचं व्याज, आपण करमुक्त म्हणतो ते पीपीएफचं व्याजसुद्धा. आणि त्या रिटर्नमधल्या कराला दोघंही पूर्ण जबाबदार, ही गोष्ट सही करण्याआधी नीट समजून घ्यावी.

खरी मेहनत पगारात. फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा, अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. ताईने आणि मी नौपाड्यातल्या घरी जानेवारी ते ऑगस्टच्या आठ पगारस्लिपा टेबलावर मांडल्या आणि महिन्यामहिन्याचा टीडीएस वहीत उतरवला. मार्चचा आकडा सगळ्यात मोठा, गुंतवणुकीचे पुरावे उशिरा दिल्यामुळे. इथे भरलेल्या या कराचं क्रेडिट तिथे फॉर्म १११६ वर मागता येतं, त्यामुळे तोच पगार दोनदा कापला जाण्याची भीती बरीच कमी होते. बेरीज झाल्यावर एकत्र भरणंच फायद्याचं निघालं. माझं मत विचाराल तर हा हिशेब मांडल्याशिवाय कुठलाच पर्याय निवडू नये.

ग्रीन कार्ड आल्यावर आणखी एक काम वाढेल. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. ताईबरोबरचं तिचं जॉइंट खातंही त्यात धरायचं, तेही निम्मं नाही, पूर्ण. ताईने लगेच कपाटातून ते पासबुक काढून स्लिपांच्या फायलीत ठेवलं.