आर पॅकेजमधली सायटेशन फाइल आणि सायटेशन डॉट सीएफएफ, नेमका फरक काय

आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत पॅकेज लिहिणाऱ्यांचा हा गोंधळ नेहमीचाच. पॅकेज साइट कसं करायचं, म्हणजे संदर्भ म्हणून त्याचा उल्लेख कसा करायचा, हे दोन्ही फाइल्स सांगतात. इन्स्ट फोल्डरमधे एक सायटेशन नावाची फाइल असते, रेपोच्या (कोड ठेवायच्या जागेच्या) मुख्य फोल्डरमधे सायटेशन डॉट सीएफएफ, नावं जवळपास सारखी, म्हणून वाटतं एक केली की झालं. तसं नाहीये.

इन्स्टमधली फाइल म्हणजे चक्क आरचा कोड. बिबएंट्री फंक्शनमधे लेखक, शीर्षक, वर्ष लिहायचं आणि कोणी सायटेशन फंक्शनला तुमच्या पॅकेजचं नाव दिलं की ही फाइल रन होते. ती नसेल तर आर डिस्क्रिप्शन फाइलमधून, म्हणजे पॅकेजचं नाव, लेखक, व्हर्जन वगैरे असलेल्या फाइलमधून, स्वतःच एंट्री बनवतं, त्यामुळे पॅकेजवर तुमचा पेपर आला असेल आणि लोकांनी तोच साइट करावा असं वाटत असेल तर ही लिहावीच लागते. कोड असल्यामुळे व्हर्जन डिस्क्रिप्शनमधून थेट उचलता येतं, मला तर हे फार आवडतं.

सीएफएफ (सायटेशन फाइल फॉरमॅट) मात्र निव्वळ यामल, म्हणजे माहिती साध्या मजकुरात मांडायची पद्धत, फक्त वाचली जाते. गिटहब 2021 पासून ती वाचून रेपोच्या बाजूला साइट करायची सोय दाखवतं, झेनोडो हे संशोधनाचा डेटा आणि कोड साठवणारं संकेतस्थळही त्यातून माहिती घेतं. आरचं सायटेशन फंक्शन तिच्याकडे बघतही नाही.

दोन्ही हाताने लिहू नका प्लीज, महिन्याभरात त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात. सीएफएफआर पॅकेज डिस्क्रिप्शन आणि इन्स्टमधली फाइल वाचून सीएफएफ तयार करतं, पॅकेजची माहिती वर येते आणि तुमचा पेपर प्रिफर्ड सायटेशनखाली जातो.

पण कन्व्हर्ट झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घालाच, कारण दोन्हीकडे माहितीचे साचे वेगळे आहेत. सीएफएफमधे सॉफ्टवेअर हा स्वतंत्र प्रकार आहे, बिबएंट्रीत तो नाहीच, तिथे मॅन्युअल किंवा मिसलेनियसवर भागवावं लागतं, म्हणजे उलट दिशेने, सीएफएफकडून बिबएंट्रीकडे, आलात की प्रकार बदललेला दिसणार. पानांचे आकडे बिबटेकमधे (संदर्भ लिहायचा जुना फॉरमॅट, बिबएंट्री त्याच साच्यावर चालते) एकत्र, सीएफएफमधे सुरुवात आणि शेवट वेगळे. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तर बिबटेकमधे नेलं की गळतंच, आणि लेखकांसाठी ते काही किरकोळ नाही, एकाच नावाचे दोन संशोधक वेगळे ओळखायचे कसे मग? सगळ्यात जास्त जपायचं ते संस्थेचं नाव. आर कोर टीम (आर भाषा सांभाळणारा गट) लेखक असेल तर बिबटेकमधे जादाचा महिरपी कंस लागतो, नाहीतर टीम हे आडनाव समजलं जातं आणि यादीत तसंच छापून येतं. सीएफएफमधे व्यक्ती आणि संस्था मुळातच वेगळ्या लिहितात, तिथे ही भानगड नाही.

आणि हो, क्रॅनला, म्हणजे आर पॅकेजेसच्या अधिकृत संग्रहाला, पाठवायचं असेल तर सीएफएफचं नाव आरबिल्डइग्नोरमधे (पॅकेज बांधताना वगळायच्या फाइल्सच्या यादीत) आहे ना बघा, नाहीतर चेकमधे नोट येते. व्हर्जन बदललं की सीएफएफ पुन्हा जनरेट करायची, ती आपोआप अपडेट होत नाही.