कार्यालय-रचना

कार्यालयातील जागा, आसने, प्रकाश, हवा, आवाज आणि माणसांची ये-जा यांची कामाला पोषक ठरेल अशी आखणी. वास्तुकला, अर्गोनॉमिक्स (माणसाच्या शरीराला व कामाला साधने अनुरूप करण्याचे शास्त्र) आणि औद्योगिक मानसशास्त्र या शाखांशी तिचा निकटचा संबंध येतो. कारखान्यात दिवसाचे नग मोजता येतात. कार्यालयातील बहुतेक कामांना असे माप लावता येत नाही. त्यामुळे उत्पादकतेसाठी कोणी टंकलेखनाचा वेग धरतो, कोणी चुकांचे प्रमाण, तर कोणी कर्मचाऱ्यांनी प्रश्नावलीत दिलेले मत. निष्कर्षांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

लेखनिकांसाठी स्वतंत्र जागा आखण्याची कल्पना जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अक्षपटल, म्हणजे हिशेबाची कचेरी, पूर्वाभिमुख किंवा उत्तराभिमुख असावी आणि तीत बसण्याच्या वेगवेगळ्या जागा व वह्या ठेवण्याची सोय असावी, असे सांगितले आहे. ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत निरनिराळा मानला जातो. अलीकडील अभ्यासकांचा कल उत्तरकाळाकडे आहे. दिशेचा निर्देश उजेडासाठी होता की मांगल्यासाठी, हे त्या सूत्रात आलेले नाही. फ्लॉरेन्समधील उफ्फीत्सी ही वास्तू (बांधकामास प्रारंभ १५६०) जॉर्जो व्हासारी यांनी प्रशासकीय कचेऱ्यांसाठीच आखली होती. आज ती चित्रसंग्रहालय म्हणून ओळखली जाते.

मुक्त मांडणीचा उगम : एकाच मोठ्या दालनात, मध्ये भिंती न घालता, अनेकांना बसवण्याच्या पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. एक मत अमेरिकेतील बफलो येथील लार्किन इमारतीला (१९०६; १९५० मध्ये पाडली) अग्रमान देते. वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांच्या या वास्तूत वरून उजेड घेणारा उंच चौक होता. चौकात ओळीने मेजे मांडलेली होती आणि भोवती मजल्यामजल्यांवर सज्जे होते. रेल्वेचा धूर आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवा यंत्राने शुद्ध केली जाई. मेजे धातूची असून काहींना घडीची खुर्ची कायमची जोडलेली होती, त्यामुळे बसणाऱ्याला ती हवी तशी सरकवता येत नसे. या मांडणीला एफ. डब्ल्यू. टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचे (काम मोजून ते करण्याची एकच उत्तम पद्धत ठरवण्याच्या विचाराचे) फलित म्हणण्याचा प्रघात आहे. टेलर यांचा प्रमुख ग्रंथ मात्र १९११ चा, म्हणजे इमारतीनंतरचा आहे. त्यांचा कारखाना-व्यवस्थापनावरील निबंध १९०३ चा असल्याने प्रभाव अशक्य नाही, इतकेच म्हणता येते.

दुसरे मत जर्मनीतील एबरहार्ड व व्होल्फगांग श्नेले या बंधूंना श्रेय देते. हँबर्गजवळच्या क्विकबोर्न येथील त्यांच्या सल्लागार गटाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्यूरोलांडशाफ्ट (शब्दशः ‘कार्यालय-भूदृश्य’) ही मांडणी पुढे आणली. कागदपत्र कोणाकडून कोणाकडे जातो हे आधी नोंदवायचे, त्यानुसार मेजांचे पुंजके करायचे आणि मध्ये कुंड्या व बुटके पडदे ठेवायचे, अशी ही पद्धत. राइट यांच्या दालनाचा गाभा रांगा आणि देखरेख हा होता, तर श्नेले बंधूंच्या मांडणीचा गाभा कागदाची वाट हा. म्हणून दोन्ही एकाच वंशावळीत बसवण्यापेक्षा स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

हर्मन मिलर या कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉपस्ट यांनी ‘ॲक्शन ऑफिस’ ही फर्निचरमाला विकसित केली (१९६४, सुधारित १९६८). सुधारित मालिकेतील सुटे पडदे मोकळ्या, साधारण १२० अंशांच्या कोनात उभे करावेत, अशी त्यांची कल्पना होती. ग्राहक कंपन्यांनी ते काटकोनात जोडून त्याच जागेत जास्त माणसे बसवली आणि क्युबिकल, म्हणजे पडद्यांनी वेढलेला चौकोनी कप्पा, रूढ झाले.

प्रकाश : शिकागोजवळील सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात दिव्यांची तीव्रता बदलून उत्पादन मोजले गेले. उजेड वाढवला तरी आणि घटवला तरी काम वाढले, कारण आपल्याकडे लक्ष दिले जात आहे ही कामगारांची जाणीव, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ‘हॉथॉर्न परिणाम’ ही संज्ञा १९५० च्या दशकात प्रचारात आली. तिचे श्रेय बहुधा हेन्री लँड्सबर्गर (१९५८) यांना दिले जाते. औद्योगिक मानसशास्त्रज्ञ एल्टन मेयो यांचे नाव या प्रयोगांशी सर्रास जोडतात, पण त्यांचा कारखान्याशी संबंध १९२८ पासूनचा. नष्ट झाले असे समजले जाणारे मूळ आकडे मिळवून स्टीव्हन लेव्हिट व जॉन लिस्ट यांनी २०११ मध्ये त्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. दिवे रविवारी बदलले जात, त्यामुळे बदलानंतरचे पहिले मोजमाप सोमवारी होई. आणि उजेड न बदलताही सोमवारचे उत्पादन आधीच्या आठवडाअखेरीपेक्षा जास्तच भरे. परिणामाच्या काही क्षीण खुणा त्यांना आढळल्या, पण पाठ्यपुस्तकी कथेला आधार मिळाला नाही. पाठ्यपुस्तकांतील कथेपेक्षा ही फेरतपासणी अधिक ग्राह्य वाटते.

लेखन-वाचनाच्या कामासाठी यूरोपीय मानकात ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) प्रदीपन धरलेले आहे. संगणकाचा पडदा खिडकीला काटकोनात ठेवल्यास चकाकी टळते.

आवाज : मुक्त मांडणीवरील आक्षेपांत आवाजाचा, विशेषतः कानावर पडणाऱ्या बोलण्याचा, क्रमांक वरचा आहे. पंख्याची एकसुरी घरघर मन दुर्लक्षू शकते. शेजाऱ्याचे अर्थपूर्ण वाक्य दुर्लक्षित करणे कठीण जाते. म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेचे ३३८२-३ (२०१२; सुधारित आवृत्ती २०२२) हे मानक केवळ डेसिबल न मोजता बोलणे किती स्पष्ट कळते हे मोजते. ० ते १ या श्रेणीतील सुगमता-निर्देशांक बोलणाऱ्यापासून ज्या अंतरावर ०.५ च्या खाली उतरतो, ते विचलन-अंतर होय. ते ५ मी. पर्यंत असल्यास रचना चांगली, १० मी. पेक्षा जास्त असल्यास वाईट, असे त्याच्या २०१२ च्या आवृत्तीचे परिशिष्ट सुचवत होते. ध्वनिशोषक छत, उंच पडदे आणि थोडा पार्श्वध्वनी हे तिन्ही एकत्र असल्याखेरीज हे अंतर सहसा पुरेसे कमी होत नाही.

भिंती काढल्या की संवाद वाढतो, हे मुक्त मांडणीच्या पुरस्कर्त्यांचे मुख्य प्रतिपादन. ईथन बर्नस्टीन व स्टीफन टर्बन यांनी दोन कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या अंगावर संवेदक लावून केलेल्या अभ्यासात (२०१८) मात्र प्रत्यक्ष संभाषण सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. नमुना दोनच कंपन्यांचा असल्याने हा आकडा सरसकट लागू करू नये.

तापमान : डेन्मार्कचे पी. ओ. फांगर यांनी १९७० मध्ये मांडलेले उष्मासुखाचे (माणसाला तापमान सुखद वाटण्याचे) समीकरण आजही मानकांत वापरात आहे. त्यात वापरली जाणारी चयापचयाची प्रमाण मूल्ये पुरुषाच्या शरीरावर आधारलेली असल्याने स्त्रियांना कार्यालये थंड वाटतात, असा आक्षेप २०१५ मध्ये घेण्यात आला.

नियंत्रण : एक्सेटर विद्यापीठातील क्रेग नाइट व ॲलेक्स हॅस्लम यांच्या प्रयोगांत (२०१०) रिकाम्या खोलीपेक्षा झाडे व चित्रे लावलेल्या खोलीत काम अधिक झाले; ती ज्यांनी स्वतः मांडली त्यांचे सर्वांत अधिक झाले. एका गटाला मांडणी करू देऊन नंतर प्रयोगकर्त्याने ती त्यांच्यासमोर बदलली, तेव्हा हा लाभ नाहीसा झाला.

ठरावीक आसन नसलेल्या कार्यालयाचा प्रयोग टॉमस ॲलन व पीटर गेर्स्टबर्गर यांनी १९७३ मध्ये नोंदवला. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात एरिक फेल्डहून यांनी कामाच्या प्रकारानुसार जागा निवडण्याची पद्धत प्रचारात आणली. शांत खोल्या अपुऱ्या असल्यास अशा कार्यालयांत लोक लवकर येऊन रोज तीच जागा धरतात.