विहिरीतलं थंड पाणी आणि समुद्राच्या पोटातल्या लाटा

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की वावरातल्या विहिरीत पोरं बुड्या मारतात. वरचं हात-दोन हात पाणी कोमट असतं, त्याखाली पाय गेला की झटकन थंड लागतं. तापलेलं पाणी हलकं म्हणून वर, थंड पाणी जड म्हणून तळाशी, आणि दोघांच्या मधे एक न दिसणारी सीमा. समुद्रातही असेच थर असतात. तिथं उष्णतेच्या जोडीला मिठाचाही फरक असतो. वरच्या पाण्यावर लाट उठते तशी या आतल्या सीमेवरही उठते. तिलाच अंतर्गत लाट म्हणतात.

लाट चालते ती वजनावर. वर उचललेलं पाणी जड असतं म्हणून खाली येतं, खाली येताना जागा ओलांडून पुढं जातं, पुन्हा वर येतं. समुद्राच्या पृष्ठभागावर पाण्याची गाठ हवेशी असते आणि पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड. आतल्या सीमेवर मात्र दोन्ही बाजूंना पाणीच, आणि घनतेतला फरक साधारण ०.२ ते ०.३ टक्के. म्हणजे उचललेल्या पाण्याला खाली ओढणारा जोर अगदीच नरम. त्यातून दोन गोष्टी निघतात. थोड्याशा धक्क्यानंही सीमा खूप वरखाली होते, आणि लाट चालते फार सावकाश. दीड हजार मीटर खोल समुद्रात वरचा हलका थर १०० मीटरचा धरला, तर हिशेबानं वेग निघतो सेकंदाला दीड-पावणेदोन मीटर. चालणाऱ्या माणसाइतकाच. त्याच खोलीवर त्सुनामी ताशी ४०० किलोमीटरच्या पुढं धावते.

या लाटांचं आपल्या जवळचं ठिकाण म्हणजे अंदमानचा समुद्र. ऑस्बोर्न आणि बर्च या संशोधकांनी १९८० साली तिथल्या मोजमापांवर लिहिलेला निबंध आजही या विषयातला पाया मानला जातो. तिथं ६० ते ८० मीटरच्या लाटा मिळतात. अंदमान-निकोबारच्या बेटांमधल्या फटींत पाण्याखाली डोंगररांगा आहेत. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यांच्या माथ्यावरून जोरात जातो, तेव्हा पलीकडच्या उतारावर थरांमधली सीमा खाली ओढली जाते. प्रवाह जोरात असेतोवर हा खळगा तिथंच अडकून राहतो. भरतीचा जोर ओसरला की तो मोकळा होतो आणि चालू लागतो. वाटेत त्याचे तुकडे पडून लाटांची एक रांग तयार होते. मोठी लाट जास्त वेगानं जाते, म्हणून सर्वांत मोठी पुढं आणि धाकट्या मागं, असं जवळपास नेहमीच. भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते. सेकंदाला २ मीटर वेग धरला तर एका रांगेनंतर दुसरी रांग सुमारे ९० किलोमीटर मागं असते.

खळगा म्हटलं ते जाणूनबुजून. वरचा थर पातळ असेल तर ही लाट उंचवट्याची नसते, सीमा खाली झोळीसारखी लोंबते. वर, डोळ्यांसमोर, काय दिसतं? खाली ८० मीटरची उलथापालथ चालू असताना पृष्ठभागावर फक्त वीतभर फुगवटा येतो, तोही किलोमीटरभर पसरलेला. होडीतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. दिसतात ते पट्टे: वरच्या थरातलं पाणी काही ठिकाणी एकत्र येतं तिथं बारीक लाटांची खळबळ, शेजारी तेलकट गुळगुळीत पाणी. उपग्रहाच्या चित्रात हे पट्टे शेकडो किलोमीटर लांब दिसतात.

किनाऱ्याजवळ तळ वर येतो, खालचा थर पातळ होतो आणि लाट मोडते. तेव्हा खोलातलं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी उथळात चढतं. थायलंडच्या सिमिलान बेटांच्या पश्चिमेला प्रवाळांवर असं पाणी आलं की काही मिनिटांत तापमान अनेक अंशांनी उतरतं.

यात विदर्भाचाही खारीचा वाटा आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांच्या पुढं हे पाणी थोडंच, पण उपसागराच्या माथ्यावर जो हलक्या गोड्या पाण्याचा थर साचतो त्यात तेही मिसळतं. पूर्णेचं पाणी मात्र तापीतून अरबी समुद्रात जातं.

घरी पाहायचं असेल तर ४० बाय २० सेंटिमीटरची काचेची पेटी घ्या. ५ लिटर पाण्यात १७५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, पळसाच्या फुलांच्या काढ्यानं किंवा शाईनं रंगवा आणि पेटीत ओता. वर कागदाएवढ्या पातळ थर्माकोलचा तुकडा तरंगत सोडा आणि त्यावर ५ लिटर साधं पाणी अगदी बारीक धारेनं, पंधरा मिनिटं घेऊन सोडा. बहुतेकांचं इथंच बिघडतं: घाईनं ओतलं की दोन्ही पाणी मिसळतं आणि सीमाच उरत नाही. दोन्ही पाणी एकाच तापमानाचं हवं, एक उन्हातलं आणि एक माठातलं नको. मग पेटीचं एक टोक बोटभर उचला, पाणी निवळेपर्यंत मिनिटभर थांबा, आणि हळूच खाली ठेवा. वरचं पाणी पाऊण सेकंदाच्या झोक्यानं हलून लगेच शांत होईल. रंगाची सीमा मात्र ९-१० सेकंदांना एक झोका घेत बराच वेळ डुलत राहील. झोका सेकंदाच्या आत उरकत असेल तर तुम्ही वरचंच हलणं मोजता आहात, आणि १५ च्या पुढं जात असेल तर मीठ कमी पडलं किंवा थर मिसळले. पेटी रात्रभर तशीच ठेवली तर मीठ वर झिरपून सीमा बोटभर जाड होते, आणि झोका आणखी मंदावतो.