जिवावर बेतल्यावरचा ताण

एकदम जिवाशी गाठ पडली की शरीर आणि मन काही सेकंदांत जे रूप घेतं त्याला तीव्र ताण-प्रतिक्रिया म्हणतात. घशाला कोरड, पोटात गोळा, अंगावर काटा हे सगळ्यांनाच माहीत आहे, यादी देत नाही. ('पाचावर धारण बसणे' मात्र शरीरातून आलेलं नसावं, धारण म्हणजे धान्याचा भाव, भाव भडकले आणि लोक हादरले, ही व्युत्पत्ती जास्त पटते.)

मेंदूतला अमिग्डाला धोका हेरतो, मेंदूतल्याच हायपोथॅलॅमसकडून नसांवाटे सिग्नल जातो, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, मग ठोके वाढतात, कातडीकडचं आणि आतड्याकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, लाळ आटते. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मागून येतं, त्याचा कळस साधारण २० ते ३० मिनिटांनी. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर मागून ब्रेक फेल झालेला ट्रक आला तर माणूस बाइक टाकून बरोबर उडी मारतो, पण नंतर डिव्हायडरवर बसून घरी फोन लावताना बोटं अशी थरथरतात की मोबाइलचा पॅटर्न तीनदा चुकतो.

'लढा किंवा पळा' ही कल्पना अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननची, बहुधा १९१५च्या सुमाराची, काही जण त्याच्या पुस्तकाची १९२९ची आवृत्ती धरतात. कुत्रा भुंकल्यावर मांजराच्या रक्तात काय उतरतं हे त्याने पाहिलं होतं. २०१९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून असं मत पुढे आलं की सुरुवात हाडातून येणाऱ्या ऑस्टिओकॅल्सिन या संप्रेरकामुळे होते, ॲड्रिनल ग्रंथी नसल्या तरी चालतं. मत दमदार आहे, पण कॅननला एवढ्यात रजा द्यायची घाई नको. त्याच्या जोडीत 'गोठणं' नाही ही उणीव जास्त मोठी वाटते. त्यात ठोके उलट काही काळ मंदावतात, माणूस जागीच खिळतो, आणि आपण त्याला उगीच भित्रा ठरवतो.

वेळ संथ होते का, हा जुना वाद. आल्प्समध्ये पडून वाचलेल्यांच्या हकिगती भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइमने १८९२ मध्ये छापल्या, त्यात हे बऱ्याच जणांनी सांगितलं. २००७ मधल्या एका प्रयोगात ३१ मीटर उंचीवरून जाळीत लोकांना सोडून, मनगटावर झपाझप बदलणारे आकडे वाचायला लावले. आकडे कुणाला जास्त वाचता आले नाहीत, पण स्वतःचं पडणं मात्र दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. म्हणजे त्या क्षणी नजर वेगवान होत नाही, आठवण दाट साठते, हे मत आम्हाला ग्राह्य वाटतं.

त्रास ३ दिवस ते महिनाभर राहिला तर तीव्र ताण-विकार, पुढे गेला तर आघातोत्तर ताण-विकार. हे दुसरं निदान अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत १९८० मध्ये आलं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पेठांत पाणी शिरलं तेव्हा पुण्यात त्याला शब्द होता तो धसका.