स्वतःच वंगण देणारं प्लास्टिक: पाणी न धरणं आणि घसरणं यांची पार्श्वभूमी

1938 सालचा तो वायूचा सिलिंडर, वजनाला भरलेला आणि कॉक उघडल्यावर रिकामा, प्लास्टिकच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आतल्या वायूची जी मेणचट पांढरी भुकटी झाली होती, म्हणजे पीटीएफई (टेफ्लॉन), तिचं पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. पन्नाशीच्या दशकात प्लास्टिकचे पृष्ठभाग द्रवांनी किती भिजतात हे पद्धतशीर मोजलं गेलं. त्याचं माप म्हणजे क्रांतिक पृष्ठताण; तो जितका कमी तितका पृष्ठभाग कमी भिजतो. पीटीएफईचा सुमारे 18 मिलिन्यूटन प्रति मीटर, पॉलिथिलीनचा 31, नायलॉन 66 चा 46 च्या आसपास. घर्षणांकातही पीटीएफई तळाला, 0.05 ते 0.1. दोन्ही रकाने जुळले, आणि ‘ज्याला पाणी धरत नाही त्यावर लोखंडही घसरतं’ हा समज पक्का झाला.

हा समज चिवट आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये पीटीएफईची तुलना त्याच्या सख्ख्या भावाशी, एफईपी या दुसऱ्या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकशी, केली गेली. पाण्याच्या थेंबाला दोघं जवळजवळ सारखंच वागवतात. पण एफईपीच्या रेणूसाखळीला बाजूला फुगीर गट असतात आणि त्याचं घर्षण स्पष्टपणे जास्त भरतं. उलट उच्च घनतेचं पॉलिथिलीन पीटीएफईपेक्षा बरंच जास्त भिजतं, तरीही छान घसरतं. कारण त्याची साखळी गुळगुळीत आहे. अशा साखळ्या घासताना सरकण्याच्या दिशेनं ओढल्या जातात आणि समोरच्या धातूवर अगदी पातळ थर सोडतात. मग प्लास्टिकवर प्लास्टिकच घसरतं. म्हणजे घसरणं ठरतं ते साखळीच्या आकारावर. पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो (संपर्ककोन; तो जितका मोठा तितकं कमी भिजणं) त्यावरून ते कळत नाही. पीटीएफईचा तुकडा पॉलिश पेपरनं खरवडला तर पाण्याचा संपर्ककोन 110 अंशांवरून 150 कडे जातो. त्यानं बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) जास्त घसरतो असं कुठलाही टर्नर म्हणणार नाही.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हेही खरं नाही. इंग्लंडमध्ये कृत्रिम खुब्याची वाटी आधी पीटीएफईची केली होती. ती काही वर्षांतच झिजली आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींना त्रास दिला. 1962 पासून तिची जागा जास्त घर्षणाच्या, पण टिकाऊ, उच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीननं घेतली.

प्लास्टिकची मिश्रणं बनवणाऱ्या कम्पाउंडवाल्यांनी यातून मधला रस्ता काढला: नायलॉन किंवा अ‍ॅसिटल असं अंगानं मजबूत प्लास्टिक घ्यायचं आणि त्यात 15-20 टक्के पीटीएफईची भुकटी घालायची. फक्त समोरच्या धातूवर पीटीएफईचा तो पातळ थर जमायला बुश काही वेळ चालावा लागतो. म्हणून जोडीला दोनेक टक्के सिलिकोन तेल. ते पृष्ठभागावर झिरपून येतं आणि पहिल्या फेरीपासून काम करतं. गंमत अशी की सिलिकोन उपयोगी पडतं ते छान पसरतं म्हणून, म्हणजे भिजवतं म्हणून. ‘सेल्फ-लुब्रिकेटिंग’ या एकाच लेबलाखाली दोन उलट्या तऱ्हा नांदतात. त्या भागावर रंग किंवा छपाई करायला गेलं की तेल आपला हिसका दाखवतं आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

सध्याचा वाद 2021 च्या एका व्याख्येपासून सुरू होतो. रेणूत एक जरी पूर्ण फ्लोरिनयुक्त मिथिल किंवा मिथिलीन कार्बन असला तरी तो पदार्थ पीफास (निसर्गात न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा गट), असं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. त्यामुळे पाण्यात विरघळून रक्तात जाणारं पीएफओए हे फ्लोरिनयुक्त आम्ल आणि कशातच न विरघळणारं पीटीएफई एका पंगतीत बसले. पीटीएफई बनवताना अनेक वर्षं पीएफओए वापरलं जात होतं, ही तक्रार रास्तच आहे. पण वंगणाच्या दृष्टीनं ही व्याख्या फार ढोबळ वाटते. 2023 च्या सुरुवातीला पाच युरोपीय देशांनी तिच्याच धर्तीवर सरसकट निर्बंधांचा प्रस्ताव मांडला: दीड वर्षाची मुदत, काही वापरांना त्यावर 5 किंवा 12 वर्षांची सवलत.

तेव्हापासून बिनफ्लोरिनच्या ग्रेडची घाई आहे. ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड चालतात, पण भाग काळपट होतो. पांढरा गिअर मागणाऱ्याला ते देता येत नाहीत. पॉलिथिलीनची भुकटी अ‍ॅसिटलमध्ये बरी बसते. नायलॉन 66 मात्र 260 अंशांना वितळतं. ते वितळवणाऱ्या मशीनच्या बॅरलमध्ये (तापलेल्या नळीत) 327 अंशांना वितळणारा पीटीएफईचा कण घट्टच राहतो; पॉलिथिलीनचा कण 135 च्या आसपासच वितळून गेलेला असतो.